टॉमला तिची 'कीव' आली, की 'वाईट वाटलं'?

मुक्ताफळ

कादंबरी वाचायची राहिली असेल तर इथूनच मागे फिरा, शेवटासकट सगळं फोडणार आहे.

आमचा अकरा जणांचा वाचनगट आहे. दोन महिन्यांतून एकदा माझ्याच घरी अभिवाचन असतं. तिकीट-बिकीट नाही, चहा आणि साबुदाणा वडा. या खेपेला 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला खटला वाचायचा ठरला आणि तेवढी प्रकरणं मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हार्पर ली यांची ही कादंबरी 1960 सालची, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. ग्रेगरी पेकचा सिनेमा 1962 चा, तो पुष्कळांनी पाहिला असेल. मी पुस्तक कॉलेजात असताना वाचलं होतं आणि ॲटिकस फिंच या वकिलाच्या रीतसर प्रेमात पडले होते. आता चाळीस वर्षांनी एकेक वाक्य हातात घेऊन बसले, तर ॲटिकस राहिला बाजूला आणि टॉमच्या एका वाक्यापाशी चार दिवस अडकले आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. अलाबामातलं मेकम नावाचं काल्पनिक गाव, 1935 चा उन्हाळा. मंदी, सगळेच कंगाल. टॉम रॉबिन्सन हा पंचवीस वर्षांचा काळा शेतमजूर, बायको आणि तीन मुलं. गावाच्या उकिरड्यालगत राहणारा गोरा बॉब यूएल याचा आरोप असा की टॉमनं त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर, मेयेलावर, बलात्कार केला. मेयेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू काळीनिळी झालेली, म्हणजे समोरून मारणारा डावखुरा असणार. टॉमचा वकील ॲटिकस बॉबला भर कोर्टात नाव लिहायला लावतो, तो डाव्या हातानं लिहितो. आणि टॉमचा डावा हात तो बारा वर्षांचा असताना कापसाच्या जिनमध्ये सापडून कायमचा लुळा पडलेला. डॉक्टर तर कुणी बोलावलाच नव्हता. आरोपात काही दम नाही हे कोर्टातल्या पोरासोरांनाही दिसतं.

मग सरकारी वकील गिल्मर टॉमला विचारतो, तू हिचं लाकूड फोडून दे, जुनं कपाट फोडून दे, पाणी भरून दे, ही कामं फुकट का करत होतास? टॉम सांगतो की त्याला तिच्याबद्दल 'सॉरी' वाटायचं, त्या घरातल्या बाकीच्यांपेक्षा तीच जास्त धडपडताना दिसायची. झालं. गिल्मर तोच शब्द उचलून त्याच्या अंगावर फेकतो. खाली बसलेल्या गोऱ्या लोकांत चुळबुळ होते आणि आपण काय बोलून बसलो ते टॉमच्या लक्षात येतं, पण उशीर झालेला असतो.

मी आधी लिहिलं, "मला तिची कीव आली." नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, हा टॉम शिष्ट वाटतो. मग "दया आली" केलं, तर तो कीर्तनकार वाटायला लागला. "वाईट वाटायचं" लिहिलं तर ते इतकं साधं झालं की गिल्मर एवढा का भडकला तेच कळेना. सुचवा काहीतरी. रविवारी पहिली तालीम आहे.

पाटीपेन्सिल

'कणव' चालेल का? मला सुंदर वाटतो हा शब्द.

मुक्ताफळ

सुंदर आहे, पण जिनवर राबलेला माणूस कोर्टात 'कणव' म्हणेल? दिवाळी अंकातून उठून आल्यासारखा वाटेल.

तिरकस

'दया' म्हटलं की मला दरवाजा तोडणाराच आठवतो. इथे तर कपाटच फोडायचं होतं ना त्याला.

बिनअशिलाचा

तिरकसराव, नोंद घेतली.

ताई, उलटतपासणीत आम्ही वकील लोक काय करतो ते सांगतो. साक्षीदार एक शब्द वापरतो, आपण त्याच्या शेजारचा वापरायचा आणि तो त्याच्याच तोंडचा म्हणून परत त्याला द्यायचा. साक्षीदार म्हणाला "मी त्याला ओळखतो", की आपण म्हणायचं "म्हणजे तुमचे संबंध होते." तेव्हा टॉमला 'वाईट वाटायचं' द्या आणि गिल्मरला 'कीव' द्या. "कीव? तुला तिची कीव आली?" इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामं करतो, मराठीत दोन शब्द आहेत तर ती चैन करून घ्या. कीव वरून खाली येते, वाईट वाटणं सपाटीवरून जातं. टॉम सपाटीवरून बोलला आणि गिल्मरनं त्याला शिडीवर चढवलं.

त्यात गिल्मर त्याला सतत 'बॉय' म्हणतो. तीन पोरांच्या बापाला. ते कसं केलंत?

मुक्ताफळ

'ए पोऱ्या' केलंय. ही युक्ती आवडली. लिहून बघते.

रात्रपाळी

धागा शब्दांचा आहे, पण मला पुस्तकाबद्दलच बोलायचंय. या कादंबरीला वंशद्वेषावरची महान कादंबरी म्हणतात. तीनशे पानांत टॉम किती बोलतो? एक प्रकरण. आधी तो ऐकू येत नाही आणि नंतर दिसत नाही. तुरुंगाच्या कुंपणावरून पळताना पहारेकरी त्याला सतरा गोळ्या घालतात, आणि तेही आपल्याला ॲटिकस स्वयंपाकघरात येऊन सांगतो तेव्हा कळतं. त्याची बायको हेलन ती बातमी ऐकून कोसळते, तेही दुसरंच कुणीतरी बघून सांगतं. काळ्या माणसाचं मरण आणि हुंदका मात्र गोऱ्या घरातल्या पोरीचा.

आणि ॲटिकस काही आपणहून उभा राहिलेला नाही. न्यायाधीश टेलरनं त्याला नेमलं. मन्रो फ्रीडमन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकानं 1992 साली हेच लिहिलं होतं: हा माणूस आमदार आहे, आयुष्यभर त्या गावात वकिली करतोय, वरच्या सज्जात काळ्यांना वेगळं बसवलं जातं त्याबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला? वकील लोक चवताळले होते तेव्हा. कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वंशद्वेष्ट्या संघटनेबद्दल मुलांना काय सांगतो बघा: 1920 च्या सुमारास होती एक राजकीय संघटना, कुणाला भिववूही शकली नाही, गेली. प्रत्यक्षात त्या दशकात अलाबामात क्लॅन इतकी माजलेली होती की पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले ह्यूगो ब्लॅक तिचे सभासद होऊन सिनेटवर निवडून आले होते. तुम्ही ज्याच्या प्रेमात पडला होतात तो हा गृहस्थ.

मुक्ताफळ

पडले होते, नाही म्हणत नाही. एकोणीस वर्षांची होते.

पण एक सांगू? हे पुस्तक ॲटिकसच्या तोंडून येत नाही, त्याच्या छोट्या मुलीच्या, स्काउटच्या तोंडून येतं, आणि ती पोरगी काही साळसूद नाही. गिल्मरचा तो 'बॉय' ऐकून डिल हा छोटा मुलगा रडायला लागतो, त्याला ती बाहेर घेऊन जाते. आणि त्याला समजावते काय, तर अरे, शेवटी तो निग्रोच आहे ना. ॲटिकसची मुलगी हे बोलते, आठ-नऊ वर्षांची, काहीच वाटून न घेता. कॉलेजात हे वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. आता टाइप करताना हात थांबला. लेखिकेला ॲटिकस देव वाटत असता तर त्याच्या घरात हे वाक्य तिनं ठेवलं असतं का?

रात्रपाळी

ठेवलं हे खरं. पण त्यानंतर त्याचं काही केलं नाही. डिलला कुणीतरी पिशवीतून कोका-कोला पाजतो आणि प्रकरण पुढे जातं.

2015 साली त्यांचं 'गो सेट अ वॉचमन' आलं, मॉकिंगबर्डच्या आधी लिहिलेलं हस्तलिखित. त्यात म्हातारा ॲटिकस काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र करायच्या विरोधात असलेल्या गोऱ्यांच्या कौन्सिलच्या बैठकीला बसतो. लोकांना केवढा धक्का बसला! ज्यांनी आपल्या मुलांची नावं ॲटिकस ठेवली होती ते हळहळले. मला काही धक्का बसला नाही.

पाटीपेन्सिल

मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते, म्हणून मला दोन्हींतलं थोडं थोडं पटतं. पण मेयेलाबद्दल कुणी बोलतच नाहीये. वर्षभर पै-पै साठवून ती सात निकेल, म्हणजे पाच सेंटची सात नाणी, जमवते, ते भावंडांना देऊन आइस्क्रीम खायला गावात पाठवते, का तर घरी कुणी नको आणि टॉम येणार. त्या उकिरड्यालगतच्या अंगणात फुटक्या भांड्यांतून तिनं लाल जिरेनियम लावलेत, नीट पाणी घालून वाढवलेत. बाप मारतो, आणि त्याहून वाईट काहीतरी करतो हे पुस्तक सूचित करतं. ॲटिकस तिला 'मिस मेयेला' म्हणतो तर तिला वाटतं हा माझी टर उडवतोय. कारण तिला जन्मात कुणी अहो-जाहो केलेलंच नसतं.

वर्गात हे सांगितलं की मुलींना तिची दया येते. आणि तिच्या एका शब्दानं माणूस मेला हे सांगितलं की त्या गप्प होतात. दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवणं त्यांना जमत नाही, मलाही जमत नाही.

तिरकस

बघा, ताईंनी 'दया येते' लिहिलं. दरवाजा तुटला.

सांजवेळ

एक भाबडा प्रश्न. न्यायाधीश टेलरला कळत होतं ना टॉम निर्दोष आहे? मग ज्यूरीचा निकाल तो फिरवू शकत नव्हता? आपल्याकडे नानावटी खटल्यात 1959 साली ज्यूरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष सोडलं होतं, आणि न्यायाधीशांनी ते न मानता हायकोर्टाकडे पाठवलंच की.

बिनअशिलाचा

भाबडा कसला, नेमका प्रश्न आहे. फिरवू शकत होता, आणि अलाबामात त्याच सुमाराला एका न्यायाधीशानं फिरवलाही होता.

25 मार्च 1931. मालगाडीतून चोरून प्रवास करणाऱ्या नऊ काळ्या पोरांना पेंट रॉक या ठिकाणी उतरवलं. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या मुलींनी सांगितलं की यांनी आमच्यावर बलात्कार केला. स्कॉट्सबरोत खटला उभा राहिला आणि अटकेपासून साधारण पंधरा दिवसांत आठ जणांना मृत्युदंड ठोठावून कोर्ट मोकळं. बचावाला वकील म्हणून जमीनजुमल्याची कामं करणारा एक गृहस्थ, तोही पिऊन आलेला, आणि सोबत गावातले एक वयोवृद्ध. 1932 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते निकाल रद्द केले, का तर आरोपींना खऱ्या अर्थानं वकील मिळालाच नाही.

पुन्हा खटला चालला तो 1933 मध्ये, डिकेटरला, न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांच्यापुढे. दोघींपैकी एक मुलगी, रूबी बेट्स, बचावाच्या बाजूनं साक्षीला आली आणि म्हणाली, असं काही घडलंच नव्हतं. ज्यूरीनं तरी दोषी ठरवलं. हॉर्टननी तो निकाल बाजूला सारला, फिर्यादी मुलीची साक्ष वैद्यकीय पुराव्याशी जुळत नाही असं कारणासहित लिहून. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. तिथे न्यायाधीश निवडून येतात, हे लक्षात घ्या. न्यायाधीश टेलर टॉमसाठी ॲटिकसला नेमतो. एरवी अशी कामं नवख्या वकिलाकडे जायची, त्यानं गावातला सगळ्यात चांगला दिला. त्याला झेपलं ते एवढंच. निकाल फिरवायला हॉर्टन व्हावं लागतं आणि मग घरी बसावं लागतं.

त्या नऊ जणांपैकी कुणालाही फाशी झाली नाही. पण वर्षानुवर्षं तुरुंगात सडले. शेवटच्या तिघांना अलाबामानं माफी दिली ती 2013 साली, तोवर सगळेच वारले होते.

हंट्सव्हिलकर

स्कॉट्सबरो माझ्या घरापासून तासाभरावर आहे, डिकेटर त्याहून जवळ. बारा वर्षं इथे आहे, कामानिमित्त येणाऱ्या देशी लोकांना रॉकेटं दाखवायला नेतो, स्कॉट्सबरोला न्यायला सांगितलेलं कुणी नाही. तिथे काळ्यांच्या एका जुन्या चर्चमध्ये 2010 पासून छोटंसं संग्रहालय आहे.

मन्रोव्हिललाही जाऊन आलो. हार्पर ली यांचं गाव, मेकम म्हणजे तेच. मंटगमरी आणि मोबील यांच्या मधोमध, हमरस्ता सोडून आत. घुमटाचं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे. सिनेमावाल्यांनी हॉलिवूडमध्ये सेट उभारला तो याच कोर्टाची मापं घेऊन. दर वसंतात गावकरी नाटक करतात, पहिला अंक बाहेर हिरवळीवर आणि दुसरा आत खऱ्या कोर्टात. ज्यूरी प्रेक्षकांतून निवडतात, बारा गोरे पुरुष, 1935 चं कोर्ट म्हणून. माझा नंबर लागायचा प्रश्नच नव्हता, मी सज्जाकडे बघत बसलो. माझ्या पुढच्या बाकावरचा एक हसतमुख माणूस उठून ज्यूरीत जाऊन बसला, आणि ठरल्याप्रमाणे टॉमला दोषी ठरवून परत आला. बायकोनं त्याचा फोटो काढला.

आता त्याच गावातली दुसरी गोष्ट. वॉल्टर मॅकमिलियन, काळा, लाकूडतोडीचा छोटा धंदा. 1986 साली मन्रोव्हिलमधल्या एका दुकानात एका तरुण गोऱ्या मुलीचा खून झाला. मॅकमिलियनला 1987 मध्ये पकडलं. खून झाला त्या वेळी तो घरी होता, घरासमोर चर्चच्या मदतीसाठी मासे तळून विकणं चाललं होतं, डझनावारी लोकांनी त्याला पाहिलं होतं. ते सगळे काळे. खटला उभा राहण्याआधीच त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांत नेऊन ठेवलं. खटला चालला दीड दिवस. ज्यूरीनं जन्मठेप सुचवली, न्यायाधीशानं ती बदलून मृत्युदंड केला. इथे न्यायाधीशाला ज्यूरीचं म्हणणं फिरवता येत होतं बरं का, सांजवेळ. फिरवलं ते या दिशेनं. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलानं केस हातात घेतली, मुख्य साक्षीदार खोटं बोलल्याचं पुढे आलं, आणि मार्च 1993 मध्ये मॅकमिलियन सुटला. सहा वर्षं गेली. तोवर गावात नाटक सुरूही झालं होतं.

रात्रपाळी

तुमच्या त्या फोटो काढणाऱ्या बाईपुढे मी काय लिहू?

बिनअशिलाचा

न्यायाधीशाचा तो अधिकार अलाबामानं 2017 साली काढून घेतला.

बाकी टॉम म्हणजे कोण हा वाद जुना आहे. 1933 साली मन्रोव्हिलजवळच वॉल्टर लेट नावाच्या काळ्या माणसावर गोऱ्या बाईनं असाच आरोप केला होता. मृत्युदंड झाला, तुरुंगात वाट बघता बघता डोकं फिरलं, मग राज्यपालानं शिक्षा जन्मठेपेवर आणली. 1937 मध्ये क्षयानं गेला. हार्पर ली खटल्याच्या वेळी सात-आठ वर्षांच्या, वडील तिथलेच वकील आणि गावच्या वर्तमानपत्राचे मालक. त्या वडिलांनीही 1919 साली खुनाच्या आरोपातल्या दोन काळ्या माणसांचं वकीलपत्र घेतलं होतं. दोघे फासावर गेले.

शिंपी

अवांतर, पण करतोच. नावातला पक्षी आपल्याकडे नाही, त्यामुळे भाषांतरात कोकीळ, बुलबुल, कस्तुर काहीही घालतात. मॉकिंगबर्ड दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज एकामागून एक हुबेहूब काढतो. आपल्याकडे हे काम भृंगराजाचं, शेपटीला दोन लांब तारांची पिसं असलेला, दाट जंगलातला. ताडोबात किंवा भीमाशंकरला ऐका, शिक्र्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांच्या नकला करतो.

पुस्तकात तो मारणं पाप का? बागेची नासाडी करत नाही, धान्याच्या कोठारात घरटं करत नाही, नुसतं गातो. पक्षीवाला म्हणून मला ही यादी खटकते. म्हणजे ज्यानं नासाडी केली त्याला मारलं तर चालेल? हाच मुद्दा टॉमला लावून बघा. तो मेल्यावर गावातला संपादक अग्रलेखात गाणाऱ्या पक्ष्यांच्या निरर्थक हत्येचीच उपमा देतो. लुळा, निरुपद्रवी, फुकट लाकूड फोडून देणारा. टॉम तापट असता, कुणाचं देणं बुडवलेला असता, तर?

रात्रपाळी

शिंपीबुवा, शंभरातलं एक बोललात. मॅकमिलियनचं हेच तर होतं. विवाहित असून एका गोऱ्या बाईशी त्याचे संबंध होते आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं. तो मॉकिंगबर्ड नव्हता. निर्दोष मात्र तेवढाच होता.

आणि शेवट बघा. बॉब यूएल ॲटिकसच्या मुलांवर चाकू घेऊन धावतो, शेजारचा अबोल बू रॅडली मुलांना वाचवतो आणि बॉब मरतो. शेरिफ म्हणतो, तो स्वतःच्याच चाकूवर पडला, विषय संपला. का, तर बूला उजेडात ओढणं पाप आहे. ॲटिकस मान डोलावतो. म्हणजे कायदा वाकवता येत होता. गोऱ्या बुजऱ्या माणसासाठी एका रात्रीत वाकला.

मुक्ताफळ

हा शेवटचा मुद्दा मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. आज झोप येणार नाही.

(शिंपी, नाव मी 'मॉकिंगबर्ड'च ठेवणार आहे. भृंगराज म्हटलं तर आमच्या गटातल्या निम्म्या बायका केसांचं तेल समजतील.)

उंबरठा

चार दिवस वाचतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझे आजोबा आमच्या गावात एका मोठ्या घरच्या मळ्यावर होते. नाव किसन. त्या घरातली शाळेत जाणारी पोरंही त्यांना 'किसन्या' म्हणायची आणि आजोबा सत्तरीत त्या पोरांना 'तुम्ही' म्हणायचे. तेव्हा 'पोऱ्या' ठीक आहे, पण ज्याला हे माहीत आहे त्याच्या कानाला 'टॉम्या' जास्त लागेल. शेवटी 'या' लावला की वय, लग्न, पोरं सगळं पुसून जातं.

आता तुमच्या वाक्याबद्दल. त्या घरची मुलगी लग्न होऊन वर्षभरात विधवा होऊन माहेरी आली. आजोबांनी तिला अंगाखांद्यावर नाही पण डोळ्यांपुढे वाढलेलं पाहिलेलं. एकदा खळ्यावर चार माणसांत आजोबा म्हणाले, "ताईसाहेबांचं लई वाईट वाटतं." एवढंच. मालकाचा भाऊ होता तिथे. तो म्हणाला, "आता तू वाईट वाटून घेणार का आमचं?" नंतर आठ दिवस मळ्यावर यायचं नाही असा निरोप आला. मारहाण नाही, काही नाही. आजोबांनी ही गोष्ट मला दोनदा सांगितली, दोन्ही वेळा हसत सांगितली.

म्हणून 'कीव' नको. वकीलसाहेबांची युक्ती कोर्टात चालत असेल, पण त्यामुळे असं वाटतं की गिल्मरनं शब्द बदलला म्हणून लोक भडकले. 'वाईट वाटलं' एवढ्यावरच भडकतात. ते साधंच ठेवा.

आणि दुसरं, टॉम 'तिचं' म्हणणार नाही. तो तिला मिस मेयेला म्हणतो ना? "मला त्यांचं वाईट वाटायचं." मोठ्यानं म्हणून बघा. 'त्यांची कीव' जिभेवर बसतच नाही.

बिनअशिलाचा

सूचना मागे घेतो. माझं 'कीव' काढा.

पाटीपेन्सिल

कॅल्पर्निया आठवली. फिंच कुटुंबाची स्वयंपाकीण, घरात एक भाषा बोलते आणि काळ्यांच्या चर्चमध्ये दुसरी. मुलं विचारतात, तुला चांगलं बोलता येतं तर तिथे तसं का बोलतेस? ती म्हणते, आपल्या माणसांत वरच्या लोकांसारखं बोलले तर शेफारले असं वाटेल. ती वाचणार असाल तर तिच्या दोन भाषा मराठीत ऐकू यायला हव्यात.

रात्रपाळी

उंबरठा, तुमच्या प्रतिसादानंतर वाद घालायची इच्छा उरली नाही, एक नोंद फक्त. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडून काढणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी जेम्स रॅपिअर हा काळा माणूस अलाबामातून निवडून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसला होता. मग 1901 ची राज्यघटना आली, मतासाठी पट्टी भरा, वाचून दाखवा, मालमत्ता दाखवा, आणि काळी नावं मतदारयादीतून नाहीशी झाली. 1935 साली स्कॉट्सबरोचं प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा ज्यूरीच्या यादीत काळी नावं आहेत असं राज्यानं छातीठोक सांगितलं. न्यायमूर्तींनी भिंगातून पाहिलं, नावं मागाहून घुसडलेली होती. ज्या उन्हाळ्यात कादंबरीतला टॉम उभा आहे त्याच वर्षीची ही गोष्ट.

हंट्सव्हिलकर

भिंगाचं बरं आठवलंत. मंटगमरीत 2018 साली झुंडबळींचं स्मारक उघडलं. आठशेहून जास्त पोलादी खांब छताला टांगलेत, एकेक खांब एकेका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, त्यावर नावं कोरलेली. चार हजार चारशेहून जास्त माणसं. सुरुवातीला खांब डोळ्यांसमोर असतात, चालत जाल तशी जमीन खाली उतरते आणि ते डोक्यावर लटकायला लागतात. मन्रो काउंटीचा खांबही तिथे आहे. मान वर करून नाव वाचावं लागतं.

मुक्ताफळ

काल तालीम झाली.

टॉमचं वाक्य असं ठेवलं: "हो साहेब. मला त्यांचं वाईट वाटायचं. घरात त्याच एकट्या धडपडायच्या." गिल्मरला तोच शब्द दिला, फक्त 'त्यांचं'चं 'तिचं' केलं: "तुला तिचं वाईट वाटायचं? तुला?" आमचा गिल्मर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका, अतिशय सज्जन. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांच्या तोंडून ते प्रेमळपणे चौकशी केल्यासारखं आलं, सगळे हसलो. मग मी त्यांना उंबरठा यांची खळ्यावरची गोष्ट सांगितली, नाव-गाव न घेता. काका थोडा वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, आमच्या घरी असं बोलायचे. मग वाचलं. दुसऱ्या 'तुला'वर आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. टॉम वाचणारा मुलगा पुढचं वाक्य विसरला.

'टॉम्या' घेतलंय. उंबरठा, हरकत असेल तर सांगा, गोष्ट पुन्हा कुणाला सांगणार नाही.

उंबरठा

हरकत नाही. आजोबांना आवडलं असतं, कोर्टकचेरीची फार हौस होती त्यांना. तारीख कळवा, ठाण्याहून येईन.

तिरकस

वडे किती जणांचे?